दादांच्या पुढ्यात

सखूने त्या दिवशी पहिल्यांदा डोक्याला हात लावला तो गॅलरीत, मोगऱ्याच्या कुंडीपाशी. पाणी घालायला गेली तर मातीत बिडीची थोटकं खोचलेली. कालच संध्याकाळी सगळी वेचून काढली होती तिने! ओढायची तर ओढ बाबा, पण थोटूक टाकायला दुसरी जागा नाही? चार मजली बिल्डिंग बांधून घेतली, खाली कचऱ्याचा डबा आहे, गटार आहे. पण नाही. खत घालायचं ते तिच्या मोगऱ्यालाच.

"अवं, आज दवाखान्यात जायाचा हाय," ती आत येत करवादली. "आज तरी दम धरायचा व्हता."

नामदेव आरशापुढे उभा राहून उरलेल्या केसांचा भांग पाडत होता. "दवाखान्यात जायाचा हाय म्हनूनच ओढली. टेन्शन येता मना."

आता असल्या माणसाशी काय बोलणार!

गेला महिनाभर हेच चाललं होतं. नामदेवचा जुना सोबती गोटीराम गेल्या पावसाळ्यात गेला. दोघं मिळून देवळाच्या मागे बसायचे, एकाच काडीवर दोघांच्या बिड्या पेटायच्या. गोटीरामच्या थुंकीत रक्त आलं तेव्हा घरच्यांनी दवाखाना गाठला, आणि डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. दिवाळीचा कंदील काही त्याला बघायला मिळाला नाही. आणि त्याच्या बाराव्याला गावातले बाप्ये काय करत होते? मांडवाबाहेर कोंडाळं करून बिड्या ओढत होते. त्यात नामदेव होता. सखूने ते बघितलं. पुढचा नंबर आपल्याच घरातला, असं तिचं मन तिला सांगत होतं.

मग सुनेने, नमिताने, एक बातमी आणली. बेलापूरकडच्या एका दवाखान्यात पन्नाशीपुढच्या माणसांच्या छातीचा स्कॅन करत होते. फक्त बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा, नाहीतर पूर्वी ओढून सोडलेल्यांचा. रोग दिसायला लागण्याआधीच पकडायचा, म्हणजे इलाज होतो.

"मना काय झालाय?" नामदेवने तेव्हा विचारलं होतं.

"काही झालं नाही म्हणूनच करायचं, बाबा," नमिता म्हणाली.

"काय झाला नाय तर कशाला करायचा?"

पालथ्या घड्यावर पाणी. नमिताने सांगितलं, मुलगा मिथुनने सांगितलं, सखूने तर भांडी आपटून आपटून सांगितलं. शेवटी तिने दोन दिवस तोंडात पाणीसुद्धा घेतलं नाही, तेव्हा कुठे स्वारी कबूल झाली. तीसुद्धा एका अटीवर: दादाला कळता कामा नये.

दादा म्हणजे कोंडिबा, नामदेवचा थोरला भाऊ. बाप लवकर गेला, तेव्हा मिठागरात पाठ मोडून या कोंडिबानेच नामदेवला वाढवला, शाळेत घातला, उजवला. पुढे शेती गेली, मिठागरं गेली, शहर आलं, बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर बिल्डिंग उठली, पहिल्या मजल्यावर नामदेवचं बिऱ्हाड, त्याच्या वर भाडेकरू आले. पण दादा ते दादाच. बायको कधीच वारली, मूल नाही. तळमजल्यावर एकटा राहायचा आणि दोन वेळा जेवायला वर यायचा. आणि दादांच्या पुढ्यात नामदेवने कधी बिडी ओढली नव्हती. साठी उलटली, नातवंडं झाली, तरी दादांच्या लेखी त्याच्या ओठाला बिडी लागलेलीच नव्हती.

त्याचं सगळं तंत्र जिन्यावर चालायचं. दादा जेवायला निघाले की खालूनच खोकत यायचे. तो खोकला ऐकला की वर नुसती धांदल! सखूचा पदर डोक्यावर जायचा आणि नामदेवची बिडी मोगऱ्यात. दादा दारात पोचेपर्यंत हा साळसूदपणे वर्तमानपत्र उलटं धरून बसलेला. शाळेतलं पोर बरं! सखू तर लग्न होऊन आल्यापासून मोठ्या दिरांशी समोरासमोर एक शब्द बोललेली नव्हती. दादा समोर ताटावर बसलेले असताना ती नमिताला म्हणायची, "विचार, भाकर वाढू का?" आणि दादा नमिताला म्हणायचे, "सांग, अर्धी." नमिता बिचारी एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

तर त्या सकाळी सगळी तयारी करून, दबक्या पावलांनी जिना उतरून तिघं खाली आली, आणि बघतात तर गाडीत पुढच्या सीटवर दादा. पांढरी टोपी, धुतलेला सदरा, दोन पायांच्या मधे काठी.

"आमच्या घरातला मानूस दवाखान्यात जातो," दादा समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, "नि मना ती खबर वॉचमननं द्यावी?"

नामदेवचं तोंड बघण्यासारखं झालं. दादांना 'तुम्ही राहा घरी' म्हणायची छाती त्या घरात कुणाची नव्हती. नमिताने गपचूप गाडी सुरू केली. मागच्या सीटवर सखूने नवऱ्याच्या मांडीला असा चिमटा काढला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्यात त्याचा काय दोष, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होती बुशरा नावाची. उरणकडची, चुणचुणीत, मराठी अगदी घरच्यासारखी बोलणारी. चौघंही तिच्या खोलीत घुसली. दादांनी सर्वांत आधी खुर्ची धरली.

"हं, काका," बुशरा म्हणाली. "बिडी की सिगारेट?"

"काय?"

"काय ओढता?"

नामदेवने दादांकडे बघितलं. दादा भिंतीवरच्या फुफ्फुसाच्या चित्राकडे बघत होते.

"मी नाय ओढत," नामदेव म्हणाला.

"पूर्वी ओढत होता?"

"कदीच नाय."

टेबलाखाली सखूने त्याच्या पायावर पाय दिला. त्याने पाय काढून घेतला.

बुशराने पेन खाली ठेवलं. "काका, कधीच ओढली नसेल तर हा स्कॅन आम्ही करत नाही. उगाच कुणाला किरणं द्यायची नसतात."

"बरा मंग," नामदेव म्हणाला, आणि चक्क उठायला लागला!

नमिता घाईघाईने पुढे झाली. "मोठे बाबा, चला ना, खाली कॅन्टीन आहे. चहा घेऊ."

"चा पिऊन निघालोय."

"इथं एसी फार आहे, तुम्हाला थंडी वाजेल."

"मिठागरात जल्म गेला माझा. मना थंडी नाय वाजत."

मग नमिताने सासऱ्याला डोळ्याने खुणावलं. "बाबा, तुम्ही जरा बाथरूमला जाऊन येता का?" नामदेवला उशिरा का होईना उमजलं. तो उठला. तसे दादाही काठी टेकत उठले. "चल, मी पन येतो."

बुशराला काहीतरी अंदाज आला असावा. ती म्हणाली, "मी पेशंटशी जरा एकटीने बोलू का?"

"बोला की," दादा परत बसत म्हणाले. "मी काय मधे बोलतो काय?"

"असू दे, डॉक्टर," नामदेवनेच वर तिला समजावलं. "आमच्यात दादाशिवाय काय व्हत नाय."

सखूने पुन्हा डोक्याला हात लावला. महिनाभर उपास, रडारड, भांडणं, आणि इथवर येऊन घोडं अडलं कुठे, तर थोरल्या भावाच्या मर्यादेपाशी! पुन्हा या माणसाला इथे आणणं काही शक्य नव्हतं. आज दारातून बाहेर पडला की तो सरळ देवळामागे जाणार आणि मोकळ्या मनाने बिडी पेटवणार. वर सांगणार, डॉक्टरीणबाईच म्हनाली, गरज नाय.

"नमिता," ती सवयीने म्हणाली, "दादांना सांग, का..." आणि तिचा तिलाच असा संताप आला की पुढचे शब्द नमितापर्यंत गेलेच नाहीत. तिने मान वळवली आणि सरळ दिरांच्या तोंडाकडे बघितलं.

"दादा, ह्यो मानूस खोटा बोलतो. मी लगीन होऊन आली तवापासून बिडी ओढतो. उठला का बिडी, जेवला का बिडी. तुमच्या पुढ्यात ओढली नाय म्हनजे ओढलीच नाय, असा याचा कायदा. त्याला खरा बोलाय सांगा. तुमचा मान राखता राखता माजा कपाल पांढरा व्हईल."

नमिताच्या हातातली पिशवी खाली पडली. नामदेव टेबलाखाली शिरायचाच काय तो बाकी होता. दादा काठीच्या मुठीवर अंगठा घासत बसले.

"मना ठाव हाय," ते म्हणाले.

"काय?" हे नामदेव.

"मंग मी जिन्यात खोकतो कशाला? ह्यो पोर वर चोरून ओढत बसलेला असतो. मी दानकन पुढ्यात गेलो त त्याची पंचाईत व्हईल. म्हनून खालनंच आवाज देत येतो. टाक बाबा, मी येतोय."

"दादा, तुमाला पयल्यापासना ठाव व्हता?"

"मोगऱ्याच्या वासानं बिडीचा वास झाकतो व्हय रं?"

बुशरा खाली मान घालून हसली. नमिताही हसली. सखूला मात्र हसू आलं नाही, तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे धाकटा खूश, की थोरल्याला कळत नाही. थोरला खूश, की धाकट्याची लाज राखली जाते. आणि यांच्या या प्रेमापायी एवढी वर्षं कुंडीतली थोटकं वेचतंय कोण? सखू! एकाने एकदा तोंड उघडलं असतं, 'सोड रे नामा' म्हटलं असतं, तर या माणसाने दुसऱ्या दिवशी बिडी सोडली असती. बायकोचं ऐकला नाही, पण दादांचं ऐकला असता. ती हे सगळं मोठ्याने बोलली. एकदा बांध फुटल्यावर आता मागे कशाला राहायचं?

 तिचं खरं होतं, हे दादांच्या तोंडावर दिसत होतं.

मग सगळं भराभर झालं. किती वर्षं, किती बिड्या, नामदेव मान खाली घालून सांगत गेला आणि बुशरा लिहीत गेली. स्कॅनच्या रांगेत त्याचं नाव लागलं. ते झाल्यावर तिने सहज दादांना विचारलं, "आणि तुम्ही, मोठे काका? तुम्ही कधी ओढलीत?"

दादांनी धाकट्या भावाकडे चोरून बघितलं. "ओढायचो. मिठागरात व्हतो तवापासना. आता पाच-सा वर्सं झाली, सोडली."

"तुमी?" नामदेव ताडकन सरळ बसला. "दादा, तुमी बिडी ओढायचे?"

"मंग? धाकट्याच्या पुढ्यात ओढायची असते व्हय?"

नामदेवला हे पचेना. खाली दादा धाकट्यापासून लपवून ओढत होते, वर हा थोरल्यापासून लपवून, आणि मधे फक्त एक स्लॅब. सखूने कपाळ बडवून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

"सोडली असली तरी तुमचाही स्कॅन करता येईल," बुशरा म्हणाली. "काही त्रास होतो का? दम लागतो, वजन कमी झालंय, खोकला?"

"काय नाय. खोकला त्यो मुद्दामचा."

पुन्हा सगळे हसले. दादाही हसले आणि हसता हसता खोकले.

आणि सखूला एकदम एकवीरेची जत्रा आठवली. चैत्रात नामदेव, मिथुन आणि सगळी भावकी पालखीबरोबर कार्ल्याला गेली होती. दादांनी या वर्षी पहिल्यांदाच येत नाही म्हटलं होतं. घरात ती आणि नमिता दोघीच. तेव्हाही दादा जेवायला वर येताना जिन्यात खोकले होते. नेहमीसारखा पदर डोक्यावर घेऊन ती ताट वाढायला लागली होती आणि मनात चरफडली होती की ज्याला सावध करायचं तो घरात नाही, मग कुणासाठी हा खोकला? दादा बराच वेळ दारात आले नाहीत. तिने डोकावून बघितलं तर मधल्या पायरीवर बसले होते, भिंतीला टेकून. आपली चाहूल लागायला म्हातारा थांबलाय, बायामाणसांना वेळ देतोय, असं समजून ती आत गेली होती. काय तरी समजली होती!

"तवा हे घरात नव्हते," ती म्हणाली.

"कवा?" दादांनी विचारलं.

"जत्रेला. हे घरात नव्हते, तरी तुमी खोकत आले."

"सवय, दुसरा काय."

"सवयीनं मानूस पायरीवर बसतो?" तिचा आवाज चिरकला. "नि हा सदरा! दिवालीला शिवला तवा अंगात बसत व्हता. आता बगा, खांद्यावरनं घसरतोय. माज्या हातचा जेवताव तुमी रोज. 'सांग, अर्धी.' सांग, अर्धी! मी म्हनते वय झाला. मी डोले फुटल्यासारकी भाकऱ्या वाढते नि उचलते!"

बुशरा आता हसत नव्हती. तिने दादांच्या पाठीला नळी लावली, श्वास घ्यायला लावला, सोडायला लावला, पुन्हा घ्यायला लावला.

"मोठे काका, मग हा स्कॅन तुमच्यासाठी नाही," ती म्हणाली. "तो ज्यांना काही होत नाही त्यांच्यासाठी. तुम्हाला आत्ताच्या आत्ता छातीच्या डॉक्टरांकडे पाठवते."

"नको," दादा काठी टेकून उठले. "नामाचा काय तो करा नि आमी घरी जातो. मना काय धाड भरलीय?"

दादा उठले की सगळं घर उठतं. नमिता उठली. नामदेवही उठला.

"बसा," सखू म्हणाली.

दिराला. आज्ञा. तिच्या आईने ऐकलं असतं तर तिच्या तोंडात मारली असती. पण दादा तिच्याकडे बघत राहिले आणि मुकाट्याने परत खुर्चीत बसले.

नामदेवची स्कॅनसाठी हाक आली तसा तो नमिताबरोबर गेला. सखू दादांना घेऊन खालच्या मजल्यावर गेली. एक्स-रे निघाला. छातीचे डॉक्टर तरुण होते, पण घाई करणारे नव्हते. त्यांनी काळ्या पडद्यावर बोट ठेवलं. उजव्या बाजूला, वरच्या भागात एक पांढरा गोळा दिसत होता.

"हे कसलं आहे ते तुकडा काढून तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही," ते म्हणाले. "पण हे सोडून देण्यासारखं नाही. या आठवड्यातच पुढच्या तपासण्या करू. किती दिवस झाले खोकला?"

दादा बोटांवर मोजायला लागले आणि मधेच थांबले. "कसा सांगू? आदी मुद्दाम खोकायचो. मंग खरा कवा झाला, माजा मनाच कलला नाय."

बाहेर पॅसेजमध्ये बाकड्यावर दादा बसले. सखू पुढ्यात उभी राहिली.  तिच्या मनात नुसता राग होता, आणि तो कुणावर काढायचा हे कळत नव्हतं. स्वतःवरच काढायचा म्हटलं, तर तेवढ्याने भागणारं नव्हतं.

"सखू," दादा म्हणाले.

तिच्या नावाने त्यांनी तिला कधी हाक मारली नव्हती.

"नामाला सांगू नको. त्याला सोसायचा नाय. मी लहानाचा मोठा केलाय, मना म्हाईत हाय तो कसा हाय ते. बगू हलूहलू. तुला माजी शपत हाय."

आणि तेवढ्यात नामदेव आलाच, सदऱ्याची बटणं लावत, चेहरा फुललेला. मागून नमिता. "अवं, काय नाय त्यात! नुसता झोपायचा नि श्वास धरायचा. उगाच भ्यालो. रिपोर्ट परवा देनार. दादा, तुमचा काय झाला?"

"माजा काय व्हनार?" दादा काठी चाचपत म्हणाले. "सवयीचा खोकला. औशद देतान."

नामदेवने लगेच मान हलवली. दादा बोलले म्हणजे झालं. "मंग चला, भूक लागली मना."

सखूला त्या क्षणी दोघांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं. जन्मभर एकमेकांना जपत आले. इतकं जपत आले की जपता जपता एकाच्या छातीत गोळा वाढला, आणि घरातल्या एकालाही पत्ता नाही. आणि अजून पुरे झालं नाही यांना! अजून शपथा घालतायत!

"हितं बसा," ती नवऱ्याला म्हणाली.

"कुटं?"

"दादांच्या बाजूला."

नामदेव घुटमळला. दादांच्या बरोबरीने एका बाकड्यावर तो कधीच बसला नव्हता. घरातसुद्धा नाही, लग्नाच्या मांडवातसुद्धा नाही. "अगं, पन..."

"बसा म्हनते ना!"

तो कडेला, अर्धवट टेकला. सखूचा पदर डोक्यावरून केव्हाच घसरला होता. तिने तो वर घेतला नाही.

"सखू, मी सांगलंय तुला," दादा म्हणाले.

"सांगलाव. मी ऐकला नाय." आणि तिने नवऱ्याला सगळं सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं तसंच. उजव्या बाजूला, वर. तुकडा काढून तपासायचा. या आठवड्यातच. तिने काही वगळलं नाही आणि स्वतःच्या पदरचं काही घातलं नाही.

नामदेव ऐकत होता. ऐकता ऐकता तो कडेवरून आत सरकला, सरकत सरकत दादांना चिकटला, आणि दादांचा हात दोन्ही हातांत धरून, एवढा मोठा बाप्या, भर पॅसेजमध्ये हंबरडा फोडून रडायला लागला. रांगेतली माणसं वळली. औषधाच्या काउंटरवरची मुलगी उभी राहून बघायला लागली.

"अरं नामा," दादा दुसऱ्या हाताने टोपी सारखी करत कासावीस होऊन म्हणाले, "लोक बगतान रं."

"बगू दे," सखू म्हणाली.